गाणं सुरू आहे, आवाज नाही: लिनक्समधलं डिफॉल्ट साउंड कार्ड

विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-आरमोरी पट्ट्यात शाळांत, वाचनालयांत जे डेस्कटॉप दिसतात त्यातले बरेच कुठल्यातरी शहरी ऑफिसातून निवृत्त होऊन आलेले, चौथ्या-पाचव्या पिढीचे आहेत. मशीन ठणठणीत, फक्त नवं विंडोज घेत नाही. मग कुणीतरी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे तिचं मिंट किंवा उबुंटू हे वाण, चढवून देतं.

लिनक्स चढतं, मराठी टायपिंग जमतं, प्रिंटरही बहुधा ओळखला जातो. दुसऱ्या दिवशी परिपाठाला प्रार्थना लावायची म्हणून अँप्लिफायरची पिन मागे खोचली जाते आणि फोन येतो, "सर, गाणं सुरू आहे, पट्टी पुढे सरकून राहिली, पण आवाज काही येऊन नाही राहिला."

आवाज निघत असतो. तो प्रोजेक्टरकडे गेलेला असतो, आणि प्रोजेक्टरला एकतर स्पीकर नसतो किंवा नावापुरता असतो. बिघाड कुठेच नाही. आवाज कुठे पाठवायचा हे कुणी सांगितलेलं नसेल तेव्हा तो जिथे जातो, ते डिफॉल्ट साउंड कार्ड. ते बदलायचं तर आधी ते कोण ठरवतं हे कळायला हवं, कारण लिनक्समध्ये ही गोष्ट एका जागी ठरत नाही.

कार्ड आणि त्याचा नंबर

साउंड कार्ड म्हटलं की वेगळं विकत आणून बसवलेलं कार्ड डोळ्यांपुढे येतं. लिनक्सच्या लेखी आवाजाशी संबंध असलेलं प्रत्येक स्वतंत्र यंत्र म्हणजे एक कार्ड. मागची हिरवी पिन ज्यावर चालते ते एक. एचडीएमआयमधून आवाज पाठवणारं दुसरं. यूएसबी हेडफोन लावला तर तिसरं. वेबकॅममधला माइकसुद्धा यादीत आपला नंबर घेऊन बसतो, त्यातून आवाज बाहेर पडत नसला तरी.

जुन्या मशीनवर हमखास प्रोजेक्टरच का पुढे येतो, याला नेमकं कारण आहे. २०१३ मध्ये आलेल्या इंटेलच्या चौथ्या पिढीत एचडीएमआयच्या आवाजाचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत आहे आणि पिनच्या आवाजाचा कंट्रोलर मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये. पाचव्या पिढीतही हीच मांडणी. मशीन सुरू होताना बहुधा प्रोसेसरमधला आधी सापडतो, म्हणून त्याला ० नंबर मिळतो आणि पिनवाल्याला १. लिनक्सची मोजणी शून्यापासून सुरू होते, आणि सगळ्यात खालच्या पातळीवर नियम एवढाच आहे की काही सांगितलेलं नसेल तर ० नंबरकडे जा. म्हणून विंडोजने सोडून दिलेली अशी मशीनं लिनक्सवर आल्यावर गप्प बसू शकतात.

हा नंबर म्हणजे धान खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरला मिळणाऱ्या नंबरासारखा आहे: जो आधी फाटकाशी आला त्याचा पहिला. उद्या तोच ट्रॅक्टर तिसरा असू शकतो. बोर्डावरची कार्डं रोज साधारण त्याच क्रमाने सापडतात, पण यूएसबीवाली मागेपुढे होतात. उबुंटू आणि मिंटमध्ये यूएसबी कार्डाने ० नंबर बळकावू नये म्हणून एक ओळ आधीच घातलेली असते. तरी १ आणि २ मध्ये अदलाबदल होऊ शकते. आमच्याकडे दुपारी लाईन जाते, येते, मशीन पुन्हा सुरू होतं, आणि सकाळी चालणारा माइक दुपारी बंद. कुणी काही केलेलं नसतं. म्हणून नंबर सांगून केलेली कोणतीही सेटिंग मला पटत नाही. कार्डाला नाव असतं, ते वापरावं.

नावं बघायला टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायची. कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या असतात. फोनवर सांगावं तशी अक्षरं सुटी करून देतो. ए-पी-एल-ए-वाय, मग स्पेस, मग वजा चिन्ह आणि त्याला चिकटून छोटा एल. याला एप्ले म्हणतात. कार्डांची यादी येईल. प्रत्येक ओळीत आधी नंबर, मग एक छोटं नाव. चौथ्या पिढीच्या मशीनवर पिनवाल्या कार्डाचं नाव सहसा पीसीएच असतं आणि प्रोजेक्टरवाल्याचं एचडीएमआय. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त यूएसबी साउंड कार्डांपैकी बऱ्याच जणांचं नाव नुसतं डिव्हाइस येतं, आणि तसलंच दुसरं लावलं की ते डिव्हाइस-१ होतं. दोघांत कोण कुठला हे सापडण्याच्या क्रमावर. म्हणून एका मशीनवर एकसारखी दोन स्वस्त कार्डं लावूच नयेत.

ठरवणारे तीन

खालून वर जाऊ. सगळ्यात खाली अल्सा आहे. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये हे काम सुरू केलं आणि लिनक्स कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) २.६ आवृत्तीपासून, म्हणजे २००३ च्या शेवटापासून, लिनक्सचा आवाज त्यावर चालतो. कार्डाशी प्रत्यक्ष बोलणारं हेच. नंबरही हेच देतं.

अल्साची एक अडचण होती. बऱ्याच कार्डांना एका वेळी एकच प्रोग्रॅम सांभाळता यायचा. गाणं सुरू असताना दुसऱ्या प्रोग्रॅमने आवाज काढायचा म्हटलं की "कार्ड व्यस्त आहे" असं उत्तर. अल्साने त्यावर स्वतःचा तोडगा काढला, पण हेडफोन काढला की गाणं चालू असतानाच स्पीकरवर आणणं, प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा कमी-जास्त करणं, हे त्यातून नीट होत नव्हतं. म्हणून मधे एक थर आला, साउंड सर्व्हर. प्रोग्रॅम त्याच्याकडे आवाज देतात, तो सगळ्यांचे आवाज एकत्र करून कार्डाकडे पाठवतो. लेनार्ट पॉटरिंग यांचा पल्सऑडिओ २००७ मध्ये फेडोरा या लिनक्सच्या आणखी एका वाणाच्या ८ व्या आवृत्तीत मुळातूनच आला आणि पुढे उबुंटूतही. आता त्याची जागा विम टायमन्स यांच्या पाइपवायरने घेतली आहे: फेडोरा ३४ मध्ये २०२१ ला, उबुंटू २२.१० मध्ये २०२२ ला, लिनक्स मिंट २२ मध्ये २०२४ ला. पाइपवायर पल्सऑडिओची भाषा बोलतो, म्हणून जुने प्रोग्रॅम आणि जुन्या कमांड त्यावरही चालतात.

सगळ्यात वर प्रोग्रॅम स्वतः. व्हिडिओ प्लेअर, रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम, मीटिंगचा प्रोग्रॅम यांच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये आउटपुट निवडता येतं, आणि तिथे एकदा निवडलं की खालच्या डिफॉल्टला कुणी विचारत नाही.

इंटरनेटवर सापडणारा सल्ला बहुतेकदा इथेच फसवतो. जुन्या पानांवर सांगितलेलं असतं की होम फोल्डरात डॉट-एसाउंडआरसी नावाची फाइल बनवा आणि त्यात कार्डाचा नंबर लिहा. ती फाइल अल्साची आहे. ब्राउझर आणि डेस्कटॉपवरचे बाकीचे प्रोग्रॅम साउंड सर्व्हरशी बोलतात, त्यांना त्या फाइलशी घेणंदेणं नाही. उलट, जे थोडे प्रोग्रॅम थेट अल्साशी बोलतात ते आता सर्व्हरला बगल देऊन कार्ड धरून बसतात आणि बाकीच्यांचा आवाज बंद होतो. कुणाच्या मशीनवर घाईघाईने काही करून बिघडलंय असं कळलं, तर मी आधी ही फाइल आहे का ते बघतो आणि असेल तर तिचं नाव बदलून ठेवतो.

आपल्या मशीनवर सर्व्हर कोणता हे असं कळतं: पी-ए-सी-टी-एल, स्पेस, आय-एन-एफ-ओ. उत्तरात सर्व्हरच्या नावाची एक ओळ येते. नुसतं पल्सऑडिओ लिहिलेलं असेल तर तो. पल्सऑडिओ लिहून पुढे कंसात पाइपवायर आणि आवृत्तीचा आकडा असेल तर पाइपवायर. त्याच उत्तरात डिफॉल्ट सिंक अशीही एक ओळ असते. सिंक म्हणजे आवाज जिथे जातो ते ठिकाण, सोर्स म्हणजे जिथून येतो ते. सिंकच्या ओळीत शेवटी एचडीएमआय दिसलं की दुखणं सापडलं.

बदल करताना

मिंटवर कमांडची गरज सहसा पडत नाही. खालच्या पट्टीवरच्या स्पीकरच्या चिन्हावरून साउंड सेटिंग उघडायची, आउटपुटच्या टॅबमध्ये पिनवाल्याची ओळ निवडायची, झालं. ही निवड नावाने साठवली जाते, नंबराने नाही.

कमांडनेच करायचं असेल, म्हणजे दुरून, फोनवरून, तर पाइपवायरच्या मशीनवर डब्ल्यू-पी-सी-टी-एल, स्पेस, स्टेटस. सिंकच्या यादीत ज्याच्यापुढे चांदणी आहे तो सध्याचा डिफॉल्ट. हव्या त्या सिंकपुढचा आकडा वाचून सांगायला लावायचा आणि मग डब्ल्यू-पी-सी-टी-एल, स्पेस, सेट वजा-चिन्ह डिफॉल्ट, स्पेस, तो आकडा. आकडा पुढच्या वेळी बदललेला असेल, पण लक्षात नाव ठेवलं जातं, त्यामुळे इथे नंबर चालतो. पल्सऑडिओवर पी-ए-सी-टी-एल, मग सेट-डिफॉल्ट-सिंक आणि सिंकचं पूर्ण नाव. ते नाव लांबलचक असतं. त्यात कार्ड बोर्डावर कुठे बसलंय त्याचा पत्ताच असतो, म्हणून ते टिकतं. फोनवर ते सांगण्याच्या भानगडीत पडू नये, यादीतून कॉपी करायला लावावं.

निवड केली आणि तरी आवाज प्रोजेक्टरकडेच गेला, तर पॅव्हू-कंट्रोल हा आवाजाच्या सेटिंगचा प्रोग्रॅम बसवावा. दिसायला जुनाट आहे, पण आवाजाच्या बाबतीत यापेक्षा स्पष्ट खिडकी मला लिनक्सवर मिळालेली नाही. त्यातला शेवटचा टॅब कॉन्फिगरेशनचा. तिथे प्रत्येक कार्डापुढे प्रोफाइल, म्हणजे त्या कार्डाने आवाज कुठल्या वाटेने काढायचा ते, निवडता येतं. शाळेला प्रोजेक्टरमधून आवाज कधीच नको असेल, तर एचडीएमआय कार्डाचं प्रोफाइल सरळ ऑफ करून टाकायचं. काही डेस्कटॉप प्रोजेक्टर सुरू झाला रे झाला की आवाज आपोआप तिकडे वळवतात. प्रोजेक्टर तासाला सुरू करायचा, तासानंतर बंद करायचा असला की डिफॉल्ट पुन्हा पुन्हा हलतं आणि लोक म्हणतात सेटिंग टिकत नाही. कार्डच ऑफ केलं की वळायला जागाच उरत नाही. शाळांसाठी मला हाच उपाय सगळ्यात टिकाऊ वाटतो.

सहाव्या पिढीपासूनच्या पुष्कळ मशीनवर पिन आणि एचडीएमआय पुन्हा एकाच कार्डाच्या दोन वाटा आहेत. तिथे सिंकच्या यादीत एकच ओळ दिसते, डिफॉल्ट बदलायला दुसरं काही नसतं, आणि माणूस गोंधळतो. तिथे डिफॉल्टला हात न लावता त्याच कॉन्फिगरेशनच्या टॅबमध्ये प्रोफाइल बदलून अ‍ॅनलॉग स्टिरिओ करायचं. नव्या लॅपटॉपवर या दोन्ही वाटा काही वेळा एकत्र उघड्या असतात, तिथे हा प्रश्नच येत नाही.

सगळं बरोबर करूनही शांतता असेल तर अल्सामिक्सर, म्हणजे टर्मिनलमध्येच उघडणारी आवाजाच्या दांड्यांची खिडकी. ए-एल-एस-ए-एम-आय-एक्स-ई-आर लिहून एंटर, मग एफ-६ दाबून खरं कार्ड निवडायचं. एखाद्या दांडीखाली दोन एम दिसले तर ती गप्प केलेली आहे. तिच्यावर जाऊन एम दाबला की उघडते. तिथेच ऑटो-म्यूट नावाची एक दांडी सापडू शकते. पुढच्या बाजूला हेडफोन लावला की मागची पिन बंद करणं हे तिचं काम. कॅबिनेटच्या पुढच्या भोकात तुटलेल्या पिनचं टोक अडकलेलं असलं तरी मशीनला वाटतं हेडफोन लावलाय. ही दांडी डिसेबल केली की मागून आवाज येतो.

डिफॉल्ट बदललं, बाकी सगळीकडे आवाज आला, पण एकाच प्रोग्रॅमचा नाही, असंही होतं. साउंड सर्व्हर कोणता प्रोग्रॅम मागच्या वेळी कुठे वाजत होता ते लक्षात ठेवतो. आधी कधी त्याला एचडीएमआयवर हलवलं असेल तर तो तिकडेच जातो. पॅव्हू-कंट्रोलच्या पहिल्या टॅबमध्ये तो प्रोग्रॅम दिसतो, पण वाजत असतानाच. गाणं चालू ठेवून तिथून त्याचं ठिकाण बदलायचं.

माइकचं डिफॉल्ट वेगळं असतं, ते सोर्सच्या यादीतून निवडायचं, पद्धत तीच. ब्लूटूथ स्पीकरला माइकही असेल तर मीटिंग सुरू झाल्यावर गाण्याचा आवाज अचानक टेलिफोनसारखा होतो, कारण माइक वापरताना ब्लूटूथ हलक्या दर्जाच्या पद्धतीवर जातं. तिथे माइक म्हणून दुसरं काहीतरी निवडलं की आवाज पूर्ववत.

दोन खाती, आणि आपोआप वाजणारी प्रार्थना

साउंड सर्व्हर प्रत्येक वापरकर्त्याचा वेगळा चालतो. शिक्षकांच्या खात्यात ठरवलेलं डिफॉल्ट विद्यार्थ्यांच्या खात्यात लागू होत नाही. दोन्हीकडे एकेकदा करावं लागतं.

यातूनच एक नेहमीची अडचण उभी राहते. कुणाला तरी वाटतं की रोज ठरल्या वेळी प्रार्थना आपोआप वाजावी. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप करून देणाऱ्या लिनक्सच्या सोयीत, ओळ लिहिली जाते, बऱ्याचदा प्रशासकाच्या म्हणजे रूटच्या नावाने, आणि काहीच वाजत नाही. रूटला लॉगिन केलेल्या शिक्षकाचा साउंड सर्व्हर दिसत नाही. ओळ त्या शिक्षकाच्याच क्रॉनमध्ये लिहायची आणि तिच्याआधी एक्सडीजी-रनटाइम-डिर या नावाला त्या वापरकर्त्याच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा: रन, मग यूझर, मग त्याचा क्रमांक, जो पहिल्या खात्यासाठी सहसा १००० असतो. ते खातं तेव्हा लॉगिन असायला हवं.

आणि ज्या मशीनवर खिडक्या-चिन्हांचा डेस्कटॉपच नाही, साउंड सर्व्हरही नाही, नुसती प्रार्थना आणि सूचना वाजवायला एक छोटं मशीन भोंग्याच्या अँप्लिफायरला जोडून ठेवलंय, तिथे मात्र ती जुनी अल्साची पद्धतच खरी. ईटीसी फोल्डरात एसाउंड-डॉट-कॉन्फ नावाची फाइल, तिच्यात दोन ओळी: एक डिफॉल्ट्स-डॉट-पीसीएम-डॉट-कार्ड, दुसरी डिफॉल्ट्स-डॉट-सीटीएल-डॉट-कार्ड, आणि दोन्हींपुढे कार्डाचं नाव. नंबराऐवजी नाव देताना कार्ड या शब्दाला चिकटून आधी उद्गारचिन्ह टाकावं लागतं, कारण मुळात तिथे आकडा ठेवलेला आहे. यासाठी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घेणार असाल तर पाय ५ ला हेडफोनच्या पिनची जागाच नाही, यूएसबी कार्ड लागेलच. पाय ४ ला आहे.

डिफॉल्ट बदलू नये तेव्हा

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. पार्श्वसंगीतासाठी, विजेच्या कडकडाटासाठी लॅपटॉप वापरायचा, त्याला यूएसबी कार्ड आणि तिथून वायर मिक्सरला. अशा वेळी सगळ्यांचा पहिला विचार हाच की यूएसबी कार्ड डिफॉल्ट करून टाकू. करू नका. डिफॉल्टवर काय जातं? ज्याला कुणी ठिकाण नेमून दिलेलं नाही ते सगळं: बॅटरी संपत आल्याची टुणटुण, ईमेलची घंटी, ब्राउझरमधली जाहिरात. नायिका मरणाच्या दारात असताना हे सगळं भोंग्यातून दोन हजार माणसांना ऐकू जाईल.

डिफॉल्ट लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर राहू द्यावं, त्याचा आवाज हवं तर शून्यावर. प्लेअर सुरू करून एक गाणं लावावं, पॅव्हू-कंट्रोलच्या पहिल्या टॅबमधून तेवढ्या एका प्रोग्रॅमला यूएसबी कार्डावर पाठवावं. ही जोडी लक्षात राहते, पुढच्या गावी पुन्हा करावी लागत नाही. फक्त क्रम सांभाळायचा: आधी कार्ड लावायचं, मग प्लेअर उघडायचा. कार्ड नसताना प्लेअर वाजवला तर आवाज डिफॉल्टवर, म्हणजे लॅपटॉपवर जातो, आणि मिक्सरवाला आपली वायर तपासत बसतो.